व्हेंटिलेटरशेजारी टेप हवी

महिला दिनानिमित्त तपासणी शिबिरांच्या जाहिरातींनी पानं भरली. आयसीयूत बेशुद्ध पडलेल्या बाईचा विचार त्यात नव्हता. तिचं शरीर उपचारांना पुरुषाच्या शरीरासारखाच प्रतिसाद देतं का, हा प्रश्न मात्र जुना आहे.

उत्तर बराच काळ हार्मोन्समध्ये शोधलं गेलं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाचे मेंदूतज्ज्ञ डोनाल्ड स्टाइन यांना उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की मेंदूला इजा झाल्यावर माद्या नरांपेक्षा चांगल्या सावरतात. प्रोजेस्टेरॉनमुळे हे होत असावं, असं त्यांना वाटलं आणि अनेक वर्षं ते त्याचा माग काढत राहिले. माणसांवरच्या सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांनी आशा वाढवली. मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या. एकीत ८८२ रुग्ण, दुसरीत १,१९५. २०१४ मध्ये निकाल आले. फायदा शून्य.

म्हणून स्त्री-पुरुषांच्या शरीरांतले फरक खोटे ठरत नाहीत. त्यातला एक तर टेपने मोजता येतो.

एआरडीएस या फुफ्फुसांच्या गंभीर विकारात फुफ्फुसं ताठर होतात, त्यांत पाणी भरतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अशा ८६१ रुग्णांना व्हेंटिलेटरवर किलोमागे १२ किंवा ६ मिलिलिटरच्या हिशेबाने श्वास दिला गेला. मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के. हे किलो काट्यावरचे नव्हेत, उंची आणि लिंगावरून काढलेले. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुफ्फुसं वाढत नाहीत. १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी हे वजन ४३ किलो येतं, म्हणजे किलोमागे ६ च्या हिशेबाने एका श्वासाला जेमतेम २६० मिलिलिटर. १७० सेंटिमीटरच्या पुरुषाला ४०० च्या आसपास लागतात. नजरेच्या अंदाजाने ४५० लावले, तर त्या बाईला किलोमागे दहाहून जास्त जातात आणि आधीच दुखावलेली फुफ्फुसं आणखी ताणली जातात.

५० देशांतल्या ४५९ आयसीयूंच्या ‘लंग सेफ’ अभ्यासात नेमकं हेच आढळलं: कमी उंचीच्या स्त्रियांना सुरक्षित मापाचा श्वास कमी वेळा मिळत होता. तीव्र एआरडीएसमध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त प्रमाणात दगावल्या. त्यामागे केवळ हेच कारण आहे, असं या अभ्यासावरून म्हणता येत नाही. पण दुरुस्त करायला इतकी सोपी चूक आयसीयूत दुसरी क्वचितच असेल.

भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे हा हिशेब आपल्याकडे जास्तच लागू पडतो. झोपलेल्या रुग्णाचीही डोक्यापासून टाचेपर्यंत उंची मोजता येते. घरातली बाई व्हेंटिलेटरवर असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा: उंची मोजली का?