दुनळी आणि तिची पेटी : जुन्या शिकारी बंदुकांच्या जतनामागील शास्त्र, कायदा आणि विवेक

विंचूर–प्रकाशा मार्गावर चांदवड आणि सटाणा यांच्या दरम्यान वसलेले देवळा आज कांद्याच्या बाजारपेठेमुळे ओळखले जात असले, तरी त्याच्या भोवतालच्या डोंगररांगांचा इतिहास बऱ्याच अंशी शस्त्रांचा इतिहास आहे. १७६८ मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी रघुनाथरावांचा पाडाव केला तो याच भागातील धोडप किल्ल्याच्या पायथ्याशी, आणि १८१८ च्या उन्हाळ्यात इंग्रजी फौजेला मालेगावच्या भुईकोट किल्ल्यापुढे वेढा घालून आठवडेच्या आठवडे झुंजावे लागले. त्या काळातील तोड्याची बंदूक, म्हणजे जळत्या वातीने बार पेटवणारी बंदूक, पुढे मागे पडली. १८५७ च्या उठावानंतर सरकारने निःशस्त्रीकरणाचे धोरण स्वीकारले आणि व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगण्याचा हक्क परवान्याच्या चौकटीत बांधला. त्यानंतर देशमुख, इनामदार, पाटील किंवा सरकारी अधिकारी यांच्या घरात जी बंदूक आली ती युद्धाची नव्हे, शिकारीची आणि पीकरक्षणाची होती : इंग्लंडमध्ये घडलेली, छर्ऱ्याचे काडतूस उडवणारी दुनळी. अशा बंदुका आणि त्यांच्याबरोबर आलेल्या चामडी पेट्या यांचे जतन कसे करावे, हा प्रश्न आज कारागिरीचा आहे तितकाच कायद्याचा आणि इतिहासदृष्टीचाही आहे.

घडण आणि तिचे टप्पे

जतनाचा विचार करण्यापूर्वी वस्तूचा काळ ठरवावा लागतो, आणि शिकारी बंदुकीच्या बाबतीत तो बहुधा तिच्या रचनेवरूनच ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बंदूक ठासणीची असे. दारू, बोळा आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासले जात आणि तांब्याच्या लहानशा टोपीवर घोडा आपटून बार उडे. लंडनच्या १८५१ च्या जागतिक प्रदर्शनात फ्रेंच कारागीर लफोशे याची, नळी मोडून मागून काडतूस भरण्याची रचना इंग्रज कारागिरांच्या नजरेस आली आणि पुढच्या दोन दशकांत ठासणीची बंदूक मागे पडली. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या कारखान्यातील अ‍ॅन्सन आणि डीली यांनी घोडे आत दडवलेली सुटसुटीत कळ सिद्ध केली. भारतात आलेल्या असंख्य दुनळ्या याच घडणीच्या किंवा तिच्या अनुकरणाच्या आहेत.

‘बारा बोअर’ या परिचित मापामागेही एक जुना हिशेब आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांपैकी एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी, आणि तिचा आतील व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. नळीच्या मागच्या भागावर, बंदूक जुळवलेली असताना झाकले जाणारे लहान शिक्के असतात. ते लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांनी जादा दारूचा बार उडवून नळी तपासल्यानंतर उमटवलेले असतात. लंडनच्या बंदूककार संघाला सनद १६३७ मध्ये मिळाली आणि बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. त्यामुळे या शिक्क्यांवरून बंदुकीचे जन्मस्थान, सुमारे काळ आणि ती कोणत्या दारूसाठी तपासली गेली होती या तिन्ही गोष्टी उलगडतात.

नळी : सौंदर्य आणि धोका

जुन्या नळ्यांपैकी बऱ्याच ‘दमास्कस’ पद्धतीच्या असतात. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून एकजीव करीत, पिळून आणि मग सळईभोवती गुंडाळून त्यांची नळी ठोकली जाई, आणि शेवटी आम्लाच्या हलक्या प्रक्रियेने दोन धातूंच्या रेघांची नक्षी पृष्ठभागावर उमटे. वस्तुतः ही नक्षी पोलादी तलवारीच्या पात्यावरील जौहरापेक्षा वेगळी आहे, कारण जौहर मुशीत ओतलेल्या पोलादाच्या आतील स्फटिकरचनेतून येतो, तर येथे ती जोडकामातून येते. परंतु ज्या ठिकाणी जोड आहेत त्याच ठिकाणी दुर्बलताही असते : मळी अडकलेल्या सांध्यात ओलावा शिरला की गंज बाहेरून दिसण्याआधी आतून पोखरू लागतो.

याला दारूचा फरक जोडून पाहिला पाहिजे. काळी दारू झटकन पेटते आणि तिचा दाब लवकर ओसरतो, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेल्या धूरविरहित दारूचा दाब नळीत अधिक लांबवर टिकतो. जी नळी केवळ काळ्या दारूसाठी तपासली गेली, तिच्यात आजचे काडतूस उडवणे म्हणजे उडवणाऱ्याच्या हाताचा आणि डोळ्यांचा घात ओढवणे होय. शिवाय अनेक जुन्या नळ्यांची काडतूस बसण्याची जागा सुमारे ६५ मिलिमीटर लांब असते, तर आजची बहुतेक काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. लांब काडतूस त्या जागेत सहज बसते, मात्र उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक पातळीवर जातो. ठासणीच्या बंदुकीचा धोका याहून वेगळा आहे, कारण ती अनेक दशके भिंतीवर टांगलेली असली तरी तिच्यात बार भरलेला असू शकतो आणि काळी दारू जुनी झाली म्हणून निकामी होतेच असे नाही. म्हणून हात लावण्याआधी लाकडी गज नळीत घालून आतील खोली बाहेरील लांबीशी ताडून पाहावी, आणि तफावत आढळली तर ती बंदूक परवानाधारक जाणकाराकडेच सोपवावी, हा पहिला नियम मानला जातो.

काय करावे, काय करू नये

महाराष्ट्रात शस्त्रांची निगा राखण्याची परंपरा शिकलगारांची आहे; तलवारीला पाणी देणारा आणि पाते उजळणारा हा समाज पिढ्यान्‌पिढ्या धार आणि चकाकी यांचे काम करीत आला. पात्याच्या बाबतीत चकाकी हा गुण असला, तरी तीच दृष्टी बंदुकीला लावली की हानी होते. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या बंदुकीची कोरीव नक्षी बुजते, स्क्रूंच्या खाचा गोलावतात, निर्मात्याचे नाव पुसट होते आणि चाचणीचे शिक्के नाहीसे होतात. कळीच्या पेटीवरचे निळे-तपकिरी ढगाळ रंग तर एकदाच निर्माण होतात, कारण हाडांच्या कोळशात धातू तापवून पाण्यात विझवताना ते उमटतात आणि एकदा घासले गेल्यावर थंड धातूवर पुन्हा आणता येत नाहीत.

म्हणून जतनतज्ज्ञ तांबड्या, भुसभुशीत, पसरत्या गंजात आणि काळपट, घट्ट, स्थिर थरात भेद करतात. पहिला तेलात भिजवून, लाकडी टोकाने किंवा अतिशय मऊ धातुतंतूंनी हळूहळू सोडवला जातो, दुसरा तसाच ठेवला जातो. नळीवरचा जुना काळा-तपकिरी रंगही मुळात नियंत्रित गंजच असतो. द्रावण लावून, दमट जागेत ठेवून, मोकळा गंज ब्रशने काढून टाकण्याची क्रिया अनेकदा केल्यावर तो चढतो. सफाईनंतर धातूवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर दिला जातो, जो हवेला अडवतो आणि हवा तेव्हा काढताही येतो.

दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. त्याचा मूळ लेप जवसाच्या तेलाचा असून इंग्रज कारागीर त्यात अल्कानेटच्या मुळाचा तांबडा रंग मिसळीत. ही वनस्पती आपल्याकडे स्वयंपाकात वापरल्या जाणाऱ्या रतनजोतीच्या कुळातलीच आहे. अशा दस्त्यावर आजचे चकचकीत व्हार्निश चढवले तर लाकडाचा पोत झाकला जातो, आणि आधी सँडपेपर मारला तर लाकूड धातूच्या कडेखाली उतरते व पकडीसाठी कोरलेली बारीक जाळी सपाट होते. मळ काढून पुन्हा तेल चोळणे आणि पडलेली भेग सरसाने सांधणे, इतके बहुतेक दस्त्यांना पुरेसे ठरते.

पेटीचे स्वतंत्र मोल

बंदुकीची पेटी ही केवळ वेष्टन मानली जात असल्यामुळे ती प्रथम फेकली जाते, परंतु संशोधकाच्या दृष्टीने ती अर्धा दस्तऐवज असते. ओक लाकडाचा सांगाडा, त्यावर चामडे, कोपऱ्यांना पितळ, आत बनातीचे अस्तर आणि बंदुकीच्या भागांसाठी पाडलेले कप्पे, सफाईचा गज, तेलाची बाटली, स्क्रू फिरवण्याची हत्यारे असा तिचा सरंजाम असतो. झाकणाच्या आतील छापील चिठ्ठीवर निर्मात्याचा किंवा विक्रेत्याचा पत्ता असतो आणि पत्त्यावरून काळ निश्चित होतो. जेम्स पर्डी अँड सन्सचे दुकान १८८० च्या दशकाच्या आरंभी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून साउथ ऑड्ली स्ट्रीटवर गेले, त्यामुळे चिठ्ठीवरचा रस्ता हाच एक पुरावा बनतो. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांसारख्या पेढ्यांची चिठ्ठी असेल तर ती बंदूक भारतीय बाजारातून विकली गेल्याचे कळते.

पेटीच्या जतनातील खरी अडचण अशी की तिच्या घटकांचे आणि बंदुकीचे हवामान जुळत नाही. पोलादाला कोरडी हवा मानवते, तर चामडे आणि लाकूड अति कोरडेपणाने आखडून तडकतात. ओकमधून बाहेर पडणारे आम्ल शिशाला खाते, आणि चामड्यातील चरबी पितळेवर हिरवा मेणचट थर आणते. वनस्पतिज पदार्थांनी कमावलेले जुने चामडे प्रदूषित हवेत तांबूस भुकटी होऊन झडू लागते. त्यावर बूटपॉलिश लावणे अपायकारक ठरते, कारण तेव्हा सुटे तंतू बांधणाऱ्या सौम्य द्रव्याची आवश्यकता असते. देवळ्यासारख्या सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील भागात चैत्र-वैशाखात हवा अतिशय कोरडी असते आणि श्रावणात दमट होते. हा चढउतारच सर्वाधिक घातक असतो, कारण त्यात बनात ओल धरते व नळी गंजते. यावर उपाय एकच, तो म्हणजे बंदूक आणि पेटी एकाच नोंदीखाली, पण वेगवेगळ्या ठेवणे.

कायद्याची चौकट

१९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीची दुरुस्ती करण्यासाठीही परवाना लागतो, म्हणजे गावच्या सुताराने वा लोहाराने हौसेने केलेली दुरुस्ती गुन्हा ठरू शकते. कलम ४५ जुन्या धाटणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट देते, मात्र ते शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि त्यामुळे वारशाने आलेली जादा बंदूक जमा करण्याची वेळ अनेक कुटुंबांवर आली. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. त्याच वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा कालखंडही संपवला.

या तरतुदी एकत्र वाचल्या तर कायदा आणि जतनशास्त्र एकाच निष्कर्षाकडे नेतात : जुनी दुनळी पुन्हा उडती करणे हे तिच्या जीर्णोद्धाराचे ध्येय असू नये. शिकार बंद झाली आहे, नळी विश्वासार्ह नाही, आणि उडण्याची क्षमता परत आणण्यासाठी जे घासावे, कापावे, बदलावे लागते त्यातच तिचे ऐतिहासिक मोल नष्ट होते. दुसऱ्या टोकाला, नळीत वितळलेला धातू ओतून ती निकामी करणे हाही तितकाच अविचार आहे, कारण त्याने आतील पृष्ठभाग कायमचा हरवतो.

बंदूक जमा करण्याची वेळ आली असेल तर त्याआधी तिचे शिक्के, क्रमांक, नक्षी, पेटीतील चिठ्ठी आणि जुन्या परवान्याची प्रत यांची छायाचित्रांसह नोंद करणे, पेटी टाकून न देणे आणि परवानाधारक विक्रेता व संग्रहालयाचा अभिरक्षक यांच्याशी वेळीच बोलणे एवढे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे. देवळ्याच्या परिसरातील, म्हणजे बागलाणच्या वाड्यांतून अशा नोंदी गोळा झाल्या तर इंग्रजी अमलात कोणाला शस्त्र मिळाले, कोणाला नाकारले गेले आणि त्यातून गावातील सत्ता कशी आकारली, याचा पुरावा जिल्ह्याच्या इतिहासाला लाभेल. तो पुरावा हातात असलेली आजची पिढी बहुधा शेवटची आहे, म्हणून नोंदीचे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.