दप्तरातले देशपांडे

पुरुषोत्तम देशपांडे यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोणत्या साली? १९६२ म्हणाल तरी बरोबर, १९६५ म्हणाल तरी बरोबर! पहिले पु. य., ‘अनामिकाची चिंतनिका’वाले, दुसरे पु. ल., ‘व्यक्ती आणि वल्ली’वाले. नाव तेच, आडनाव तेच. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर तेवढं वेगळं. मराठीत आद्याक्षरांवाचून का भागत नाही, ते इथे कळतं.

बरं, हे भाऊबंद होते का? मुळीच नाही. देशपांडे हे कुळाचं नाव नाही, हुद्द्याचं आहे. गावात पाटलाच्या जोडीला कुलकर्णी, तसा परगण्यात देशमुखाच्या जोडीला देशपांडे. परगण्याचा हिशेब आणि दप्तर त्याच्याकडे. वतन कोणा सारस्वताकडे, कोणा देशस्थाकडे, कोणा कायस्थाकडे, पार कर्नाटकातही. म्हणजे आडनावातच लेखणी! तिच्यामुळेच हे सगळे लेखक झाले, असं म्हणण्याचा मोह होतो खरा, पण मग कुलकर्णी भांडायला येतील.

पुढे ही मंडळी दप्तरातून थेट ध्वनिक्षेपकापाशी पोचली. पु. ल. आकाशवाणीत होते, नव्यानेच सुरू झालेल्या दूरदर्शनवर त्यांनी पंडित नेहरूंची मुलाखत घेतली. कुसुमावती देशपांडे दिल्लीला आकाशवाणीवर स्त्रियांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांचं काम पाहत. त्यांचे पती आत्माराम रावजी, म्हणजे कवी अनिल, १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तीनच वर्षांनी ग्वाल्हेरला त्या खुर्चीवर स्वतः कुसुमावती बसल्या. संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. १९७४ला इचलकरंजीत पु. ल. अध्यक्ष झाले.

मला खरी गंमत वाटते ती बायकांची. कुसुमावती माहेरच्या जयवंत. ‘आहे मनोहर तरी’ लिहिणाऱ्या सुनीताबाई ठाकूरांच्या. गौरी देशपांडे इरावती कर्व्यांची लेक. इंग्रजीत लिहिणाऱ्या शशी देशपांडे धारवाडच्या, कन्नड नाटककार श्रीरंगांच्या कन्या. वतन चालायचं बापाकडून मुलाकडे. या चौघींना आडनाव मिळालं ते सासरचं. लेखणी मात्र त्या माहेराहूनच घेऊन आल्या होत्या.