विश्लेषण : सुरक्षेचा दोर बांधलेला असतानाही ‘खतरों के खिलाडी’ पाहताना धडधड का वाढते?

अमरावतीचा शिव ठाकरे २०२३ मध्ये ‘खतरों के खिलाडी’च्या तेराव्या पर्वात उतरला आणि वऱ्हाडातील प्रेक्षकांसाठी हा कार्यक्रम अचानक घरचा झाला. स्पर्धक पडला तरी कमरेचा दोर त्याला धरणार, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. स्टंटचे चित्रीकरणही आधीच झालेले असते. तरीही पाहणाऱ्याचा श्वास रोखला जातो, तो कशामुळे?

हा कार्यक्रम आला कुठून?
अमेरिकेत २००१ मध्ये एनबीसी वाहिनीवर ‘फिअर फॅक्टर’ सुरू झाला. त्याची मूळ कल्पना नेदरलँड्समधील. भारतात जुलै २००८ मध्ये ‘कलर्स’ वाहिनीबरोबरच ‘खतरों के खिलाडी’ आला. पहिल्या पर्वाचे सूत्रसंचालन अक्षय कुमारने केले. तेराव्या पर्वाची सूत्रे रोहित शेट्टीकडे होती आणि चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनला झाले.

थरार नेमका कशात असतो?
पहिली गोष्ट, भीती समजावून सांगावी लागत नाही. उंची, खोल पाणी, साप, विजेचा झटका यांची भीती अकोल्यात तीच आणि केप टाऊनमध्येही तीच. दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. केवळ झेंडे काढायचे असते, तर तो खेळ झाला असता. आधीच्या स्पर्धकापेक्षा कमी सेकंदांत काढायचे म्हटले, की प्रत्येक चूक महाग पडते. तिसरी गोष्ट संकलन. हेल्मेटवरचा कॅमेरा थरथरणारा चेहरा दाखवतो, ड्रोन खालची खोली दाखवतो आणि हात सुटतोय असे वाटताच जाहिरात लागते.

चेहरा ओळखीचा असला की काय बदलते?
माध्यम मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांच्या मांडणीनुसार, ज्याच्याविषयी आपुलकी वाटते त्याच्यावर संकट आले, तरच प्रेक्षकाचा ताण खऱ्या अर्थाने वाढतो. संकट टळल्यावरही शरीरातली उत्तेजना लगेच ओसरत नाही. तीच पुढच्या आनंदात मिसळते आणि सुटकेचे समाधान दुप्पट वाटते. शिव ‘रोडीज’मध्ये २०१७ मध्ये दिसला, २०१९ मध्ये ‘बिग बॉस मराठी’चे दुसरे पर्व त्याने जिंकले आणि हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात तो उपविजेता ठरला. त्यामुळे स्टंट सुरू होण्याआधीच प्रेक्षकाने बाजू निवडलेली होती.

मत देता येत नाही, तरी उत्सुकता कशी टिकते?
‘बिग बॉस’मध्ये चाहत्यांची मते निकाल फिरवू शकतात. इथे चाहते कितीही असोत, स्टंट जमला नाही तर स्पर्धक बाहेर जाऊ शकतो. तेरावे पर्व शिव नव्हे, तर डिनो जेम्स जिंकला. लोकप्रिय चेहराही हरू शकतो, हे माहीत असल्यामुळेच प्रत्येक फेरीत जीव टांगणीला लागतो.

पडद्यावर काय दिसत नाही?
दोर, जाळी, पाण्याखालचे पाणबुडे, रुग्णवाहिका आणि स्टंट आधी करून पाहणारी टीम. ही सगळी तयारी काही सेकंद दिसते किंवा दिसतही नाही. कौशल्यामागची मेहनत अमरावतीला नवी नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. मल्लखांबावरचा एक पवित्रा क्षणात संपतो, पण त्यामागे कित्येक महिन्यांचा सराव असतो. टीव्ही त्यातला नेमका तो क्षण उचलतो.

मग धोका कुठे आहे?
कार्यक्रमात धोका मोजलेला असतो. रीलसाठी कड्यावर उभे राहताना तो मोजणारे कोणी नसते. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या भीमकुंडाजवळचे खडक किंवा अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याची तटबंदी शेवाळाने निसरडी होते. तिथे ना दोर असतो, ना खाली जाळी. कठड्याच्या आत राहून काढलेल्या फोटोतही दरी तेवढीच खोल दिसते.