विश्लेषण : गोबरगॅसच्या टाकीतली साखर नेमकी कोण खाते?

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुका म्हणजे गवळाऊ गाईंचा मुलूख. या तालुक्यातील रोहण्यासारख्या गावात गोबरगॅसचे नवल नाही. पण लग्नकार्यात उरलेला शिरा, भात, जिलेबीचा पाक एकदम टाकीत ओतला तर दोन-चार दिवसांत शेगडी मंदावते. गोड खाऊ घालूनही गॅस का रुसतो?

कारण मिथेन तयार करणारे जीव साखर खातच नाहीत. दिसायला जिवाणूंसारखे असले तरी ते जिवाणू नव्हेत. कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये त्यांचा वेगळा गट दाखवून दिला. तो आज ‘आर्किया’ म्हणून ओळखला जातो. टाकीतली साखर आधी जिवाणू फस्त करतात. त्यातून आम्ले, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. आर्कियांचे पोट भरते ते त्यातल्या अ‍ॅसेटिक आम्लावर आणि या वायूंवर. जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, अ‍ॅसेटिक आम्लावर जगणाऱ्या आर्कियांना मात्र काही दिवस लागतात. जेवणारे शंभर आणि भांडी घासणारा एक, अशी गत होते. आम्ल साचते, टाकी आंबते, मिथेन थांबतो.

गंमत म्हणजे, साखर न खाणाऱ्या या जीवांकडे साखर फोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स आहेत. त्यांतले अनेक जण कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःच साखर घडवतात, ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात आणि उपासमारीत ती मोडून खातात. घरची पुंजीच म्हणा ना!

समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांतील ‘मिथॅनोकाल्डोकोकस जनाशी’ या आर्कियाचा जनुकसंच 1996 मध्ये वाचला गेला. ग्लुकोज फोडण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात आपल्या पेशी साधारणपणे एटीपी हे ऊर्जेचे चलन खर्च करतात. हा जीव त्याऐवजी एडीपी वापरतो. शिवाय, आपल्याकडे ज्या दोन पायऱ्यांना दोन विकरे लागतात, त्या तो एकाच विकरावर भागवतो. जपानी संशोधकांनी 2002 मध्ये हे सिद्ध केले.

मग टाकीत गोड टाकायचेच नाही का? तसे नाही. पुण्यातील ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी पिष्टमय, शर्करायुक्त खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र विकसित केले. त्याला 2006 मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. प्रश्न साखरेचा नाही, मात्रेचा आहे. खरकटे रोज थोडे-थोडे घालावे. टाकी आंबलीच, तर काही दिवस खाद्य बंद ठेवून ताजा शेणकाला घालावा. आंबटपणा उतरला, की आर्किया पुन्हा कामाला लागतात.