पोटठेकेदाराचे पैसे आणि तीन वर्षांची मुदत

पेडणे तालुक्यातील पार्से गावी किंवा आसपास इमारत उभी राहते तेव्हा बिल्डर सगळे काम स्वतः करीत नाही. चिऱ्यांच्या भिंती एकाकडे, दारे-खिडक्या दुसऱ्याकडे, नळाचे काम तिसऱ्याकडे असे ते वाटून दिले जाते. इमारत पुरी होते, माणसे राहावयास येतात, आणि सुताराचे शेवटचे बिल मात्र ‘पुढच्या महिन्यात’ या शब्दावर लोंबकळत राहते.

अशा वेळी पुष्कळांच्या मनात येते की, घर ज्याचे त्याच्याकडेच पैसे मागावे. परंतु करार बिल्डरशी झालेला असल्याने मागणीही सामान्यतः त्याच्याकडेच करता येते. अमेरिकेत मेरिलंड राज्याने 1791 सालीच कारागिराच्या येण्याचा बोजा इमारतीवर ठेवणारा कायदा केला. आपल्याकडे तसा कायदा नाही. सुताराने तयार केलेली खिडकी त्याच्या दुकानात आहे तोवर पैसे मिळेपर्यंत ती अडवून धरण्याचा हक्क त्याला सहसा असतो. एकदा ती भिंतीत बसली की हा हक्क संपला.

मग उरतो दिवाणी दावा, आणि येथेच गोव्यात एक जुनी समजूत आड येते. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत येणे वसूल करण्याची मुदत वीस-तीस वर्षांची होती. तथापि 2001 साली सिंडिकेट बँकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, करारावरील दाव्यांना गोव्यातही 1963 चा मुदत कायदा लागू आहे, असा निर्णय दिला. त्याप्रमाणे, पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर काम पुरे झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावला पाहिजे.

तोंडी आश्वासनाने ही मुदत वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही नाही. ती नव्याने सुरू होते ती बिल्डरने मुदतीच्या आत सहीनिशी येणे कबूल केले तर, किंवा काही रक्कम देऊन तशी लेखी नोंद केली तर. रोख हप्ता मुकाट्याने खिशात घालणारा कारागीर आपलाच पुरावा घालवतो. म्हणून मोजमापाच्या वहीवर प्रत्येक टप्प्याला सही घ्यावी. लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 37 व्या आदेशाखाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात बिल्डरला बचाव करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते. कागद अगदीच नसले तरी वाट बंद होत नाही. फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या आणि समोरच्याने लाभ घेतलेल्या कामाचा मोबदला करार कायद्याचे 70 वे कलम मिळवून देते. मात्र काम सिद्ध करण्याची यातायात वाढते.

आधीपासून उद्यम नोंदणी असलेल्यांसाठी 2006 च्या लघुउद्योग कायद्यात 45 दिवसांची मर्यादा व जबर व्याज आहे. पण बांधकामाचे ठेके त्यात बसतात की नाही, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत.

बिल्डरने दिलेला चेक न वटल्यास घड्याळ फारच वेगाने चालते. बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणी करावी, पैसे देण्यास 15 दिवस द्यावे, आणि तेही उलटल्यावर एका महिन्याच्या आत फौजदारी न्यायालयात तक्रार गुदरावी.