स्लिप क्लच घसरलाच पाहिजे

खोडवा मोडायला रोटाव्हेटर शेतात उतरला की पहिल्या दोन-चार सऱ्या ड्रायव्हरचा कान मागे असतो. उसाचे बुडखे पात्यांखाली आले की इंजिन दबतं, धूर काळा होतो, पुन्हा सूर धरतं. त्यात नवल काही नाही. पण बांधावरून घरंगळलेला दगड पात्यांत अडकला, की मागून कोरडा खरखराट येतो आणि पाठोपाठ जळक्या ब्रेकलायनरचा वास. जाणता ड्रायव्हर त्याच क्षणी पीटीओ सोडतो. नवखा मागे वळून काय झालं ते बघत बसतो. फरक दोन-तीन सेकंदांचा असतो, पण स्लिप क्लचच्या चकत्या वाचणार की जळणार हे तेवढ्यात ठरतं.

पीटीओ शाफ्टच्या अवजाराकडच्या टोकाला हा क्लच असतो. आत लोखंडी प्लेटा आणि लायनरच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या, बाहेरून बोल्ट आणि बोल्टांवर दाबून बसवलेल्या स्प्रिंगा. या चकत्यांना दाते नाहीत, खाचा नाहीत. ट्रॅक्टरची सगळी ताकद फक्त घर्षणावर पुढे जाते. 45 एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण 38 एचपी मिळतात असं धरलं, तर 540 आरपीएमला शाफ्टवरचा पीळ सुमारे 500 न्यूटन-मीटर होतो. हे झालं नेहमीच्या कामाचं. दगडाने रोटर जागीच थांबला, तरी इंजिनचं जड फ्लायव्हील फिरतच राहू पाहतं आणि तो पीळ क्षणात कितीतरी पटीने वाढतो. मग काहीतरी सुटलं पाहिजे. क्लच घसरला नाही तर शाफ्टचा क्रॉस तुटतो, गिअरचे दात उडतात, नाहीतर बाजूची चेन जाते.

पाचट कुट्टी करणाऱ्या बऱ्याच मल्चरांत रोटरला ताकद पट्ट्यांनी जाते, त्यामुळे वेळ आली की पट्टा घसरतो आणि थोडंफार निभावून नेतो. रोटाव्हेटरमध्ये गिअरबॉक्सपासून पात्यांपर्यंत गिअर नाहीतर चेन. तिथे घसरायला दुसरी जागाच नाही.

म्हणूनच या क्लचकडे होणारं दुर्लक्ष पाहून मला वाईट वाटतं. रोटाव्हेटरचं ऑइल बघतात, पाती बदलतात, क्रॉसला ग्रीस मारतात. क्लचला कोणी हात लावत नाही, कारण तो काहीच करताना दिसत नाही. आणि तिथेच घात होतो. पावसाळ्यात अवजार उघड्यावर किंवा गळक्या शेडमध्ये पडून राहतं, प्लेटा गंजतात आणि चकत्या त्यांना चिकटून बसतात. बाहेरून क्लच साबूत दिसतो, पण आता तो नुसता लोखंडाचा ठोकळा झालेला असतो. पुढचा दगड येईपर्यंत हे कळत नाही.

वाळवा तालुक्यातल्या एका गॅरेजमध्ये हंगामाआधी असा क्लच मोकळा करताना मी जवळ बसून पाहिलंय. मिस्त्रींना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी आधी पाना हातात घेतलाच नाही, व्हर्निअर घेतला. आठही स्प्रिंगांची लांबी मोजून मडगार्डवर खडूने लिहून काढली. मग समोरासमोरचे नट जोडीजोडीने ढिले केले, प्रत्येक स्प्रिंग बोटांनी फिरेल इतपत. त्यानंतर क्लचच्या कडेवर, सगळ्या प्लेटा आणि चकत्यांवरून जाईल अशी एक सरळ उभी रेघ पांढऱ्या रंगाने ओढली. हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रल, पाती कडक जमिनीवर टेकवलेली, आसपासची माणसं लांब. कमी रेसवर पीटीओ टाकला, दोन सेकंदांत काढला, ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात घातली.

शाफ्ट पूर्ण थांबल्यावर अण्णा खाली बसले आणि रेघेकडे बोट दाखवलं. ती तुकड्यातुकड्यांत फुटली होती. एक तुकडा इकडे, दुसरा पार खाली. एका ठिकाणी मात्र चकती आणि तिच्या शेजारची प्लेट यांच्यावरची रेघ अजून सरळ एकात एक होती. म्हणजे बाकीच्या जागी क्लच घसरला, पण ही जोडी चिकटलेलीच. अशा वेळी क्लच खोलावाच लागतो. खोलला तेव्हा त्या प्लेटेवर चकतीच्या मापाचा तांबूस गंज होता. पॉलिश पेपरने प्लेट चकचकीत होईपर्यंत घासली, कोरड्या फडक्याने पुसली. ट्रॅक्टरवाला पोरगा सवयीने ग्रीसगन घेऊन पुढे झाला तेव्हा अण्णांनी त्याचा हात धरला. ग्रीस क्रॉसला आणि शाफ्टच्या सरकत्या नळीला. चकत्यांना तेलाचा थेंबही नको. गिअरबॉक्सचं सील गळत असेल तर ते आधी बदलायचं, कारण तेल फेकलं जाऊन चकत्यांत मुरलं की त्या पुन्हा पकडत नाहीत.

नट आवळताना खरा वाद झाला.

“अण्णा, अजून एक फेरा आवळा की. दर सरीला सुटतंय.”

“सुटतंय म्हणून तुझा गिअरबॉक्स जाग्यावर हाय, बाळा.”

एक फेरा म्हणजे किती? एम-10 बोल्टाला साधारण दीड मिलिमीटरचे आटे असतात, म्हणजे नटाच्या एका फेऱ्यात स्प्रिंग दीड मिलिमीटर दाबली जाते. ऐकायला किरकोळ, पण आठही स्प्रिंगांचा वाढलेला दाब एकत्र होतो. असं दोन-तीनदा झालं की स्प्रिंगांचे वेढे एकमेकांना टेकतात आणि तिथून पुढे क्लच घसरणं संपलं. शिअर बोल्टवाल्या शाफ्टचीही हीच गत. 8.8 चा बोल्ट वारंवार तुटतो म्हणून 12.9 चा टाकतात. बोल्ट दीडपट ताकदीचा झाला, पण त्याचा भार आता गिअरच्या दातांवर आला. क्लच वारंवार सुटत असेल तर आधी पात्यांत गुंतलेली ठिबकची नळी बघा, खोली कमी करा, ट्रॅक्टरचा गिअर उतरवा, चकत्यांची जाडी मोजा. लांबी कंपनीच्या पुस्तकात दिली असेल तीच ठेवायची आणि आठही स्प्रिंगांची सारखी. एक बाजू जास्त आवळली तर प्लेट तिरकी दाबली जाते आणि चकती एकाच अंगाने झिजते. काही क्लचमध्ये मोकळं करण्याचे नट उलटे चालतात, म्हणजे आवळले की चकत्या सुटतात. म्हणून आपला क्लच कोणत्या जातीचा, हे आधी माहीत हवं.

उलट, फार ढिला क्लचही घातकच. रोटर थांबलेला असताना पूर्ण भारावर क्लच घसरत राहिला तर ते सगळे 38 एचपी, म्हणजे 28 किलोवॅट, उष्णता होऊन त्या वीतभर डब्यात उतरतात. दोन किलोवॅटचे चौदा गिझर एकदम चालू केल्यासारखं. अण्णांनी मला दुसऱ्याच यंत्रावरची एक जुनी प्लेट दाखवली, कडेला निळी पडलेली. पोलादावर तो रंग साधारण 300 अंश सेल्सिअसच्या आसपास उमटतो. अशी प्लेट वाकलेली असण्याची शक्यता असते आणि तिच्यालगतची चकती काचेसारखी गुळगुळीत झालेली. दोन्ही बदलायच्या. घसरल्यावर क्लच गार होऊ द्यायचा, लगेच पुन्हा पीटीओ टाकायचा नाही. आणि टाकताना कमी रेसवर. पूर्ण रेसवर एकदम टाकला तर दगड नसतानाही क्लच प्रत्येक वेळी थोडा थोडा जळतो.

एक गैरसमज मात्र जिवावर बेतणारा आहे. स्लिप क्लच आहे म्हणजे कोणी शाफ्टमध्ये सापडलं तर तो सुटेल, असं काहींना खरंच वाटतं. सुटणार नाही. तो सुटतो तो शेकडो न्यूटन-मीटरच्या पिळाला, आणि माणसाच्या हाताला, पदराला, उपरण्याला त्याच्या एका अंशाचीही गरज नाही. 540 आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण फुटलं की काढून टाकतात, ते आधी बदलून घ्या. क्लच यंत्र वाचवतो, माणूस वाचवतं ते आवरण आणि बंद केलेला ट्रॅक्टर.

काम संपलं तेव्हा स्प्रिंगांची मापं अण्णांनी पोराला त्याच्या मोबाइलवर लिहून घ्यायला लावली. पावसाआधी रोटाव्हेटर शेडमध्ये लावताना नट पुन्हा ढिले करायचे, म्हणजे चकत्या दाबाखाली गंजत बसणार नाहीत. सुगी संपल्यावर त्याच मापांवर परत आवळायचे, आणि त्याआधी पुन्हा एकदा पांढरी रेघ.