सॉफ्टवेअर प्रकल्पांची स्वयंचलित बांधणी : ‘मेव्हन’ची संरचना व उपयोजन

बीजसंज्ञा : बांधणी-स्वयंचलन, मेव्हन, अवलंबने, प्रकल्प-मूल्यमापन

प्रस्तावना :
संगणकशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रकल्पकार्यास महत्त्वाचे स्थान आहे. तथापि, विद्यार्थ्याच्या संगणकावर सुरळीत चालणारा प्रकल्प बहिःस्थ परीक्षकासमोर प्रयोगशाळेतील संगणकावर चालत नाही, हा अनुभव अध्यापकांना नवीन नाही. अशा वेळी गुण विद्यार्थ्याच्या आज्ञावलीस दिले जातात की त्याच्या संगणकावरील मांडणीस, असा प्रश्न उपस्थित होतो. जावा प्रकल्पांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘मेव्हन’ या साधनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
बांधणी म्हणजे मूळ आज्ञावली कंपाइल करणे, तिची चाचणी घेणे आणि वापरण्याजोगे पॅकेज तयार करणे. १९७६ मध्ये बेल लॅब्जमधील स्टुअर्ट फेल्डमन यांनी त्यासाठी ‘मेक’ हे साधन तयार केले. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल न झाल्यामुळे, मुळात बरोबर असलेल्या आज्ञावलीत दोष शोधण्यात एका सहकाऱ्याची सकाळ वाया गेली होती. हा प्रसंग त्यामागील निमित्त ठरला. २००० मध्ये जावासाठी ‘अँट’ उपलब्ध झाले; मात्र त्यात प्रत्येक पायरी विकासकालाच लिहावी लागे. २००४ मध्ये मेव्हनची १.० आणि २००५ मध्ये २.० ही आवृत्ती आली. कृतींची यादी देण्याऐवजी प्रकल्पाचे वर्णन द्यावे आणि उर्वरित बाबी ठरलेल्या संकेतांवर सोपवाव्यात, ही मेव्हनची भूमिका आहे.

प्रकल्पाची संरचना :
प्रकल्पाचे वर्णन ‘पॉम.एक्सएमएल’ या एकाच फाइलमध्ये असते. गट, नाव व आवृत्ती या तीन घटकांनी प्रकल्पाची ओळख निश्चित होते. मूळ आज्ञावली ‘एसआरसी/मेन/जावा’ येथे, चाचण्या ‘एसआरसी/टेस्ट/जावा’ येथे व निर्मित फाइली ‘टार्गेट’मध्ये, असा संकेत आहे. त्यामुळे अनोळखी प्रकल्प उघडणाऱ्या परीक्षकासही कोणती फाइल कोठे असेल, हे आधीच ठाऊक असते.

याच फाइलमध्ये अक्षरसंकेतन यूटीएफ-८ असल्याचे नमूद करणे मराठी मजकूर असणाऱ्या प्रकल्पांत अत्यावश्यक ठरते. जावाच्या १८व्या आवृत्तीपूर्वी (२०२२) ते नमूद नसल्यास संगणकाचे स्वतःचे संकेतन वापरले जाई व देवनागरी अक्षरे विकृत होण्याचा संभव असे. जुन्या आवृत्ती वापरणाऱ्या प्रयोगशाळांत ही अडचण आजही उद्भवू शकते.

प्रकल्प चालविणे :
मेव्हनच्या जीवनचक्रातील प्रमुख टप्पे व्हॅलिडेट, कंपाइल, टेस्ट, पॅकेज, व्हेरिफाय, इन्स्टॉल व डिप्लॉय हे होत. कोणत्याही टप्प्याची आज्ञा दिल्यास त्याआधीचे सर्व टप्पे क्रमाने पार पडतात. म्हणजेच ‘पॅकेज’ असे सांगितल्यावर चाचण्या आपोआप होतात आणि एखादी चाचणी अयशस्वी झाल्यास, नेहमीच्या मांडणीत, पॅकेज तयारच होत नाही. ‘क्लीन’ ही आज्ञा ‘टार्गेट’ फोल्डर पुसून टाकते. त्यामुळे जुन्या फाइलींच्या आधारे प्रकल्प चालल्याचा आभास उरत नाही.

अवलंबनांचे व्यवस्थापन :
प्रकल्पाला लागणाऱ्या तयार ग्रंथालयांची नावे व आवृत्त्या लिहिल्या की मेव्हन ती मध्यवर्ती भांडारातून आणून वापरकर्त्याच्या ‘.एम२’ फोल्डरमध्ये साठवते. त्या ग्रंथालयांची स्वतःची अवलंबनेही सोबत येतात. एकाच ग्रंथालयाच्या दोन आवृत्त्यांत संघर्ष झाल्यास अवलंबनवृक्षात प्रकल्पाला अधिक जवळची आवृत्ती निवडली जाते. अंतर समान असल्यास आधी नमूद केलेली.

ही सोय जोखीमरहित नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या ग्रंथालयातील गंभीर सुरक्षादोष उघड झाला, तेव्हा अनेक प्रकल्पांत ते थेट नव्हे, तर दुसऱ्या ग्रंथालयामार्फत आलेले होते. ‘डिपेंडन्सी:ट्री’ ही आज्ञा असा संपूर्ण वृक्ष दाखविते. आपल्या प्रकल्पात काय काय आहे, हे विद्यार्थ्यास सांगता आले पाहिजे.

मर्यादा :
मेव्हन जावा किंवा डेटाबेस सोबत नेत नाही. त्यांच्या आवृत्त्या प्रकल्प-अहवालात स्वतंत्रपणे नोंदवाव्या लागतात. पहिल्या बांधणीसाठी सामान्यतः इंटरनेट आवश्यक असते. ते अनियमित असल्यास ‘डिपेंडन्सी:गो-ऑफलाइन’ या आज्ञेने आवश्यक ग्रंथालये परीक्षेपूर्वी उतरवून घेता येतात. तसेच विद्यार्थ्याने डी ड्राइव्हवरील एखाद्या फाइलचा थेट मार्ग पॉममध्ये लिहिला असेल, तर ती फाइल नसलेल्या इतर संगणकावर बांधणी निश्चितच खंडित होते.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, बांधणीचे साधन ही केवळ उद्योगक्षेत्राची सोय नसून न्याय्य मूल्यमापनाचीही गरज आहे. प्रकल्प ‘टार्गेट’ फोल्डरविना स्वीकारावा, रिकामे ‘.एम२’ असलेल्या नव्या वापरकर्ता-खात्यावर ‘क्लीन व्हेरिफाय’ ही आज्ञा द्यावी आणि त्यानंतरच प्रात्यक्षिक घ्यावे. ही तपासणी अंतिम दिवशी न घेता सत्राच्या मध्यास एकदा घेतल्यास दोष सुधारण्यास विद्यार्थ्यास अवधी मिळतो आणि परीक्षेत त्याच्या संगणकाची नव्हे, तर त्याच्या कामाची परीक्षा होते.